डबीतली दोरी

वाचकहो, दिवाळीला आपण घरात नवे काय आणतो, ह्याचा कधी हिशेब केला आहे का? कपडे, भांडी, मुलांची खेळणी ह्या झाल्या मागून आणलेल्या वस्तू. पण दर दिवाळीत एखादी न मागितलेली वस्तूही घरात येते. ती भाऊबिजेच्या ओवाळणीबरोबर येते, नाहीतर परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतून निघते. सगळे तिच्याभोवती जमतात, "अरे वा!" म्हणतात, आणि उपयोगाचा कागद वाचण्याच्या आधीच ती वस्तू वापरात येते. आज ह्या पानावर अशाच एका वस्तूची हकीकत सांगणार आहे. ती सांगताना आमची थोडी शोभा होईल, पण त्याला इलाज नाही.

आमच्या घरी चिंगी नावाची एक कुत्री आहे. जात पॉमेरेनियन, रंग दुधावरच्या सायीचा, वजन जेमतेम पाच किलो, आणि स्वतःविषयीची समजूत मात्र वाघिणीची. २०२४ च्या दिवाळीत आमच्या मेहुण्यांनी तिच्यासाठी एक भेट आणली. मुठीत मावेल अशी प्लॅस्टिकची डबी, तिला धरायला कान, आणि आत गुंडाळलेली पाच मीटर बारीक नायलॉनची दोरी. कुत्रे पुढे गेले की दोरी सरसर सुटते, मागे आले की आतली स्प्रिंग ती आपोआप गुंडाळून घेते. अंगठ्याखाली एक खटका. तो दाबला की दोरी जागच्या जागी थांबते. शिंप्याच्या फितीची आणि कोळ्याच्या गळाची ही जणू संकरित जात!

घरात सगळे खूश. चिंगी खूश, कारण तिला पाच मीटरचे स्वराज्य मिळाले. नऊ वर्षांची आमची धाकटी खूश, कारण खटका दाबायला मिळाला. सर्वांत खूश आमची आई. वय वर्षे शहात्तर. रोज संध्याकाळी चिंगीला घेऊन कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत जायचे आणि बाकावर दोन घटका बसून परत यायचे, हा तिचा नेम. "साखळी ओढून ओढून माझा हात दुखायचा. ही दोरी बरी, आपली आपण सुटते," असे तिने प्रमाणपत्रही दिले. डबीबरोबरचा कागद कुठे गेला, ते कोणी विचारले नाही.

भैरवनाथाच्या दारी

पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही कुलदैवताला निघालो. आमचे कुलदैवत सोनारीचा काळभैरवनाथ. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात हे गाव आहे. बार्शीवरून परंडा, तिथला जुना भुईकोट किल्ला, आणि मग सोनारी, असा आमचा नेहमीचा रस्ता. ज्यांनी सोनारी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. देवळाइतकीच तिथली माकडे प्रसिद्ध! भिंतीवर माकड, झाडावर माकड, पायरीवर माकड. गावकरी त्यांना त्रास देत नाहीत, आणि यात्रेकरूंच्या हातातल्या पिशवीत काय आहे ह्याची माकडांना यात्रेकरूंपेक्षा जास्त माहिती असते.

चिंगीला घरी ठेवणार कोणाजवळ? म्हणून तीही बरोबर. "भैरवनाथाचे वाहनच कुत्रा," आई म्हणाली, "तिला कोण काय म्हणणार आहे?" खरेच आहे. काळभैरवाच्या पायाशी श्वान, खंडोबाच्या बरोबर श्वान, दत्तगुरूंच्या भोवती तर चार. आपल्या देवांनी कुत्र्याला जवळ ठेवले आहे. पण त्या चित्रांत आणि मूर्तींत एक गोष्ट आम्ही नीट पाहिली नव्हती. ह्या देवांचा कुत्रा देवाच्या पायाशी असतो, पाच मीटर लांब नसतो!

आम्ही पाळीपाळीने दर्शन घेतले. मी चिंगीला घेऊन बाहेर सावलीत उभा होतो. आई दर्शन करून आली, हातात प्रसादाची पिशवी. मी तिला हात द्यायला पुढे झालो. चिंगीची दोरी अर्ध्याहून अधिक सुटलेली होती, पण माझे लक्ष पायरीकडे. तेवढ्यात भिंतीवरून एक दांडगे माकड उतरले आणि त्याने सरळ पिशवीकडे मोर्चा वळवला.

त्यानंतर जे घडले ते सांगायला चार वाक्ये लागतील, घडायला दोन-तीन सेकंदही लागले नाहीत. चिंगी भुंकत माकडाच्या अंगावर गेली, तिथून उलटी फिरली आणि आईच्या पायांभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून रस्त्याच्या दिशेने सुटली. खटका दाबायचा सोडून मी डाव्या हाताने दोरीच पकडली. तळहातावर निखारा ठेवावा तशी आग झाली, हात सुटला, आणि दुसऱ्या हातातली डबीही निसटली. दोरीचा फास आईच्या घोट्याला आवळला आणि आई पायरीवर बसली. बसली कसली, पडली.

दोरी घोट्यावरून सुटली, पण गोष्ट तिथे संपली नाही. जमिनीवर पडलेली डबी स्प्रिंगच्या जोराने खडखडत चिंगीच्या मागे धावू लागली. चिंगीने वळून पाहिले. तिला वाटले असणार, काहीतरी जनावर पाठीस लागले आहे! ती जितकी जोरात पळे, तितकी डबी जोरात वाजे. समोरून वडाप जीप येत होती. चालकाने करकचून ब्रेक लावला, म्हणून आज हा मजकूर विनोदाने लिहिता येतो आहे.

वाचवले ते नारळाच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्याने. तो ओरडला नाही, धावलाही नाही. चिंगी त्याच्या बाजेखाली शिरली तेव्हा तो खाली उकिडवा बसला, खोबऱ्याचा तुकडा पुढे केला, आणि तिचे थरथरणे थांबेपर्यंत बसून राहिला. मग डबी माझ्या हातात देत म्हणाला, "सायेब, ही दोरी हाय का मासं धरायचा गळ? आमी बैलाचा कासराबी बाजारात येवडा लांब सोडत न्हाई. आन् चालता कासरा कुनी मुठीत आवळतंय व्हय? बोटं जात्याल की!"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

बार्शीला येऊन आईच्या पायाचे फोटो काढले. हाड शाबूत होते. देवाची कृपा. "मला काही सुद्धा लागलेले नाही," असे आई गाडीत दहा वेळा म्हणाली. रात्री तेल लावताना तिचा घोटा पाहिला तेव्हा सुरीने रेघ ओढावी तसा लाल वळ होता, आणि एका बाजूची कातडी सोलवटली होती. माझ्या तळहातावरही तसाच वळ. एकाच दोरीने माय-लेकरांना एकच खूण दिली होती.

पाच किलो म्हणजे किती?

घरी आल्यावर मी तो हरवलेला कागद शोधला. माळ्यावरच्या खोक्यात तो सापडला. त्यात काय लिहिले असावे? सुटती दोरी हाताने धरू नका, माणसांच्या पायांभोवती गुंडाळू देऊ नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका! जे आम्ही सोनारीला जाऊन शिकलो, ते सहा महिने आमच्याच माळ्यावर पडून होते.

ही युक्ती काही आजची नव्हे. न्यूयॉर्कच्या मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी अशा गुंडाळत्या दोरीचे पेटंट १९०८ सालीच घेतले होते. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत मानफ्रेड बोगडान ह्या जर्मन गृहस्थांनी तिला आजचे रूप दिले आणि ती जगभर गेली. मोकळ्या कुरणात, सुन्या समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्याला फिरता यावे, पण हातचे सुटू नये, हा मूळ हेतू. हेतू चांगलाच आहे. अडचण एवढीच, की आपण ती दोरी कुरणात न नेता भाजीबाजारात नेतो.

"इवलेसे तर कुत्रे, ते काय ओढणार?" असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते. आमच्या इमारतीत शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांनी पाटीवर मांडावे तसा हिशेब मांडून दिला. पाच किलोचे कुत्रे भेदरून सेकंदाला पाच मीटर वेगाने पळाले, तर त्याच्या अंगचा जोर सव्वा मीटर उंचीवरून पाच किलोचे पोते सोडावे तेवढा होतो. आता दोरी संपली आणि पाच-सहा सेंटिमीटरच्या आत त्याला थांबावे लागले, तर त्या क्षणी बसणारा हिसका शंभर किलोच्या वजनाइतका. हा हिसका एका टोकाला तुमच्या बोटांना बसतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या गळ्याला.

दोन हातांच्या साखळीवर असे होत नाही, कारण तेवढ्या अंतरात कुत्र्याला वेग घेता येत नाही. लांब दोरी त्याला आधी धावायला जागा देते आणि मग एकदम थांबवते. सगळा घोटाळा त्या "एकदम" मध्ये आहे.

आता त्या गळ्याचे पाहा. पॉमेरेनियन, पग, चिवावा, यॉर्कशायर टेरिअर ह्या लहान जातींची श्वासनलिका मुळातच नाजूक असते. वय झाले की ती काही कुत्र्यांत आतून दबते आणि बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला सुरू होतो. अशा गळ्याला हिसके बसणे किती वाईट, हे वेगळे सांगायला नको. गळपट्टा ओढला गेला की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, छातीपट्ट्याने तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात आढळले. म्हणून लहान कुत्र्याला दोरी लावायची ती छातीपट्ट्याला, गळ्याला नव्हे.

आणि माणसांचे? अमेरिकेत ग्राहकांच्या एका जुन्या संस्थेने सरकारी आकड्यांवरून काढलेला हिशेब असा, की २००७ ह्या एका वर्षात कुत्र्यांच्या दोऱ्या-पट्ट्यांमुळे १६,५६४ माणसांना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. त्यांत दहांतले एक दहा वर्षांच्या आतले मूल, आणि जवळजवळ चौथा हिस्सा साठीपुढचे. आमच्या घरी चिंगीला फिरवायला नेणाऱ्या दोघी कोण होत्या, ते वर सांगितलेच आहे. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ ते २०२० ह्या वीस वर्षांचा आढावा घेऊन २०२३ मध्ये तो छापला. तिथल्या सुमारे सव्वाचार लाख प्रौढांना कुत्रे फिरवताना झालेल्या दुखापतीसाठी तातडीचे उपचार घ्यावे लागले होते. त्यांत तीन चतुर्थांश स्त्रिया. बोटाचे हाड मोडणे, डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसणे आणि खांदा लचकणे ह्या तीन दुखापती सर्वांत जास्त. पासष्टीपुढच्या माणसांना पडण्याचा धोका तरुणांच्या तिपटीहून अधिक. हे आकडे सगळ्या प्रकारच्या पट्ट्यांचे आहेत, एकट्या डबीचे नव्हेत. पण बारीक दोरी बोटाला गुंडाळली जाऊन बोट तुटल्याची उदाहरणे तिकडच्या डॉक्टरांना नवी नाहीत.

आणखी एक धोका आम्हांला ठाऊकच नव्हता. ताणलेल्या दोरीचे टोक तुटले किंवा कडी निखळली, तर दोरी सपकन उलट येते, ती थेट तोंडावर. अशी कडी तुटून लोकांना इजा झाल्याने २००८ मध्ये अमेरिकेत एका बनावटीचे दोन लाख तेवीस हजार पट्टे परत मागवावे लागले होते.

मग डबी फेकून द्यावी काय?

तसे मी म्हणत नाही. आमच्या घरी ती अजून आहे, पण तिची जागा बदलली आहे. अनुभवाने आणि आमच्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने जे ठरवले ते असे.

रस्ता, बाजार, देऊळ, जिना, लिफ्ट, रेल्वेचा फलाट ह्या ठिकाणी डबी न्यायचीच नाही. लिफ्टमध्ये तर मुळीच नाही. कुत्रे आत, माणूस बाहेर आणि दार मिटले, तर पुढचे मनातही आणवत नाही. तिथे चार ते सहा फुटांचा, बोटभर रुंद, चपटा पट्टा बरा. पट्ट्याच्या कानात मनगट घालावे, पण पट्टा बोटांना गुंडाळू नये.

डबी वापरायची ती मोकळ्या मैदानात, आजूबाजूला मुले, सायकली आणि दुसरी कुत्री नसताना, आणि ज्याच्या अंगठ्याला खटक्याची सवय झाली आहे अशा मोठ्या माणसाने. विकत घेताना गोल दोरीपेक्षा चपट्या फितीची घ्यावी. ती कातडीत तितकी रुतत नाही, आणि लांबूनही दिसते. डबीवर किती किलोच्या कुत्र्यासाठी आहे ते लिहिलेले असते, ते पाहावे. महिन्यातून एकदा पूर्ण दोरी बाहेर काढून कुठे विरली आहे का, कडी झिजली आहे का, हे बघावे.

कुत्र्याने झेप घेतलीच, तर दोरीला हात लावू नये. खटका दाबावा आणि आपणच दोन पावले त्याच्याकडे जावे. हिसका कमी होतो. डबी हातातून निसटली, तर ओरडत मागे धावू नये. त्या म्हाताऱ्यासारखे खाली बसावे आणि हलक्या आवाजात हाक मारावी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती परदेशी कागदावर छापलेली नसते. आपल्या रस्त्यावर भटकी कुत्री असतात. पाच मीटर पुढे गेलेले आपले कुत्रे त्यांच्या हद्दीत एकटे शिरते, आणि भांडण जुंपले की दोरी दोघांच्या पायांत अडकते. आखूड पट्टा असला तर आपण वेळीच वळू शकतो. कुत्रे किंवा माकड चावले अथवा त्याने बोचकारले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीचे विचारावे. हळद आणि चुना लावत बसू नये.

शेजारधर्माचाही विचार हवा. आपले कुत्रे पाच मीटरवर असले की ते आपल्या हातात आहे असे आपल्याला वाटते, पण ते ज्याच्या पायांत येते त्याला तसे वाटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात, पाळीव प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायद्याची पाळी येण्याआधीच दोरी आखूड करणे शहाणपणाचे.

फटाक्यांचे चार दिवस

हा मजकूर दिवाळी अंकातच का लिहिला, तेही सांगतो. सोनारीला जे काम माकडाने केले, ते ह्या चार दिवसांत प्रत्येक गल्लीत एकेक सुतळी बाँब करतो. आवाजाने कुत्रे भेदरते आणि जीव घेऊन पळते. हातात डबी असेल, तर ती निसटण्याची आणि खडखडत त्याच्या मागे लागण्याची वेळ हीच. म्हणून दिवाळीत कुत्र्याला पहाटे आतषबाजी सुरू होण्यापूर्वी, किंवा दुपारच्या शांत वेळी फिरवून आणावे. छातीपट्टा आणि आखूड पट्टा, दोन्ही हवेत. गळ्यात आपला फोन नंबर असलेला बिल्ला असावा. संध्याकाळी आतल्या खोलीत खिडक्या लावून, त्याचे अंथरूण टाकून, घरातल्या कोणी एकाने त्याच्याजवळ बसावे. लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत दार उघडे राहते, तिकडे लक्ष असावे.

आता आईचे सांगतो आणि पुरे करतो.

सोनारीहून आल्यावर आईचा पाय तीन आठवड्यांत बरा झाला. पण संध्याकाळी चिंगी दाराशी जाऊन उभी राहिली की आई म्हणायची, "आज नको गं, उद्या." असे दोन महिने गेले. गणपतीजवळच्या बाकावरच्या तिच्या मैत्रिणी घरी येऊन विचारू लागल्या. पाय दुखत नव्हता, तिच्या मनात पडण्याची भीती बसली होती. म्हातारपणी माणूस एकदा पडले की ते जमिनीवरून लवकर उठते, भीतीतून उठायला वेळ लागतो. एका डबीने आईची रोजची संध्याकाळ हिरावून घेतली, आणि ती डबी तिच्या हातात आम्हीच दिली होती, हे मला फार लागले.

शेवटी धाकटीने मार्ग काढला. तिने चिंगीसाठी चार फुटांचा सुती पट्टा आणवला. आठवडाभर घरातल्या घरात, दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत, आजी आणि चिंगी दोघींना चालवले. चिंगीने ओढले की थांबायचे, पट्टा सैल पडला की पुढे. चिंगी चार दिवसांत शिकली. डबीच्या दोरीला सतत थोडा ताण असतो, म्हणून ओढले की पुढे जाता येते असेच तिला वाटत आले होते. तिचा काय दोष?

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी कामावरून परत येत होतो. गणपतीच्या बाकावर आई मैत्रिणींत बसली होती. चिंगी तिच्या पायाशी, पट्टा सैल. मला पाहून चिंगी उठली, पट्ट्याचे टोक आले तशी थांबली, आणि शेपटी हलवत तिथेच उभी राहिली.

"बघ," आई म्हणाली, "दोरी आखूड झाली तर ही जवळ बसायला शिकली."

सर्व वाचकांना, आणि त्यांच्या घरच्या चार पायांच्या मंडळींना, ही दिवाळी सुखाची जावो.